फटाके मारणारी गाडी

दुसऱ्यांच्या गाड्यांचा धूर मोजणं हा माझा धंदा. अड्याळला पवनीच्या रस्त्यावर माझी पीयूसीची पत्र्याची टपरी आहे. गाडी आली की तिच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलेटर दाबायचा, यंत्रावरचे आकडे थांबेपर्यंत वाट बघायची, नंबरप्लेटसकट फोटो काढायचा आणि सर्टिफिकेट छापून द्यायचं. नऊ वर्षं झाली. धुराची मला घाण वाटत नाही. माणसांची वाटते, आणि त्यातही घरच्या माणसांची जास्त.

माझा नवरा भुपेंद्र. वय एकेचाळीस, डोक्यावर टक्कल, पोट सुटलेलं, गावात खत-बियाण्यांचं दुकान. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते, मनात म्हणणं कधीच सोडलंय. दसऱ्याला त्यानं नागपूरहून एक पांढरी टर्बो पेट्रोल गाडी आणली. सेकंडहँड, पण आधीच्या मालकानं नीट ठेवलेली. गाडी छान चालत होती. पण छान चाललेलं ह्या माणसाला कधी बघवत नाही. पंधरा दिवसांत तो तिला परत नागपूरला घेऊन गेला आणि संध्याकाळी आला तो गल्लीच्या तोंडापासून धडाम धडाम आवाज करत. शेजारणीची म्हैस दावं तोडून पळाली.

"हे काय करून आनलं?" मी विचारलं.

"चिप खोलून आनली," तो म्हणाला. नवा मुलगा झाल्यासारखा चेहरा. "कंपनीवाले गाडीले दाबून ठेवतात, रिता. इंजिनात एक कॉम्प्युटर रायते. त्यातला प्रोग्राम बदलला का गाडीची खरी ताकत बाहेर येते. अन् ॲक्सिलेटरवरून पाय काढला का फटाके. पाह्य तं."

तो आत बसला, गाडी जागेवरच रेस केली आणि एकदम पाय काढला. सायलेन्सरमधून गोळी सुटल्यासारखा आवाज आला आणि वीतभर जाळ बाहेर आला. निळा, टोकाला पिवळा.

माझा धंदाच हा असल्यामुळे मला लगेच कळलं. पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणं बंद व्हायला पाहिजे. कंपनीनं तसंच बसवलेलं असतं, कारण कंपनीत शिकलेली माणसं असतात. नागपूरचा कोणी एक जण लॅपटॉप घेऊन बसतो, स्टेअरिंगखाली वायर जोडतो आणि त्यांचं शहाणपण पुसून आपलं भरतो. मग पाय काढल्यावरही थोडं पेट्रोल सुटत राहतं आणि ते सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. धूर गाळणारा डबाही काढून सरळ पाइप टाकला होता. एवढं सगळं कशासाठी? तर आवाजासाठी. एकेचाळीस वर्षांच्या माणसाला आवाज पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला. पीयूसी संपली होती. मी नळी घातली. विषारी वायूचा आकडा जिथे पॉइंट तीनच्या खाली यायला पाहिजे तिथे यंत्रानं चारच्या वर दाखवलं. मी म्हटलं, "नापास."

"पास कर ना."

"कशी करू?"

"तुही टपरी, तुही मशीन. अन् घरच्यालेच नापास करून राहिली?"

मागे दोन गाड्या थांबल्या होत्या, त्यातली माणसं बघत होती. मी नळी काढून माझ्या स्कूटीत घातली, फोटो त्याच्या गाडीचा काढला आणि सर्टिफिकेट छापून दिलं. ही चोरी कशी करतात ते मला पहिल्यापासून माहीत होतं. नऊ वर्षांत एकदाही केली नव्हती, उलट करा म्हणणाऱ्यांना हाकलून लावलं होतं. दुसऱ्यांसमोर नाकानं कांदे सोलणारी मी, घरच्या माणसासमोर पाच मिनिटंही टिकले नाही.

मग काय, गावात त्याची चंगळच झाली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी पोरं गाडीमागं धावत होती, अजून एक, अजून एक म्हणत होती. माझे सासरे सोमाजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते पुढच्या सीटवर बसून गावभर फिरले. मामाजी म्हणजे साधा माणूस नव्हे. गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. भावाभावांची भांडणं मिटवतात, पांढरंशुभ्र धोतर नेसतात, कोणाच्या घरचा चहा प्यायचा आणि कोणाच्या नाही हे ठरवून बाहेर पडतात. तेसुद्धा प्रत्येक धडाक्याला मान डोलवत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करडीला माझ्या भाचीचं बारसं होतं. आम्ही दोघं गाडीनं गेलो आणि दिवस बुडायच्या सुमारास परत फिरलो. गावाच्या अलीकडे पांदणीच्या कच्च्या रस्त्याला लागून डोमाची बांधी, म्हणजे धानाचं शेत आहे. डोमा म्हातारा माणूस, बोलायला कमी. तीन एकरांतलं धान कापून, भारे बांधून त्यानं बांधीच्या कडेलाच पुंजणं रचलं होतं, घराएवढं. आमच्याकडे कापलेलं धान लगेच चुरत नाहीत. मळणीचं यंत्र मिळेपर्यंत भारे असे एकावर एक रचून ठेवतात. घराचं वर्षभराचं खाणं, लग्नंकार्यं, औषधपाणी सगळं त्या एका ढिगात असतं. डोमाचं यंत्र दोन दिवसांनी यायचं होतं.

भुपेंद्रनं गाडी पांदणीवरून मागे घेत डोमाच्या बांधीत घातली आणि थांबवली.

"उतर," तो म्हणाला. "मांगं उभी राह्य अन् व्हिडिओ काढ. अंधार पडून राहिला, जाळ मस्त दिसते."

"घरी चला ना. कायले हे नाटक?"

"एकच."

मी उतरले. हे मला लिहिलंच पाहिजे. कोणी हात धरून उतरवलं नव्हतं. फक्त घरी लवकर पोचावं म्हणून मी उतरले, फोन धरला आणि बाजूला उभी राहिले. पुंजणं सायलेन्सरपासून दहा-बारा हातांवर होतं आणि मधल्या जमिनीवर सगळं तणीस, धानाचा वाळका पेंढा, सांडलेलं होतं, पायाखाली कुरकुर वाजणारं. त्यानं एकच म्हणून चार वेळा रेस केली. चारही वेळा जाळ आला. शेवटचा सगळ्यात लांब होता आणि त्याच्याबरोबर पेट्रोलचा वास आला, न जळलेल्या पेट्रोलचा.

गाडीत बसताना मला तणसात काहीतरी लाल दिसलं. बिडीच्या थोटकाएवढं.

"मांगं काई तरी धुपून राहिलं," मी म्हटलं.

"धूळ हाय थे. बस."

मी बसले. खाली उतरून पाय दिला असता तर विझलं असतं. एक चप्पल पुरली असती. पण मला करडीहून येऊन कंटाळा आला होता, डोकं दुखत होतं, आणि ह्या माणसाशी वाद घालायचाही कंटाळा आला होता. घरी आलो. पाऊण तासानं बोंब उठली.

अख्खं गाव पळालं. बोडीतून, गावच्या लहान तळ्यातून, बादल्या भरभरून माणसं धावत होती, पण धानाचं पुंजणं एकदा धरलं की बादल्यांना ऐकत नाही. मी पोचले तेव्हा मधला भाग खचत होता. डोमा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसला होता. बायकोनं पाणी पुढे केलं तर तांब्या हातात धरून तसाच बसला. मी भुपेंद्रकडे पाहिलं. तो बादलीच्या रांगेत उभा होता. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत. घरी परत आलो तेव्हा त्यानं माझा फोन मागून घेतला, व्हिडिओ काढून टाकला आणि फोन परत दिला. 

आमच्या भागातल्या लोकांची एक खोड आहे. पुंजणं जळालं की कसं जळालं असं कोणी विचारत नाही. कोणी जाळलं, एवढंच विचारतात. दरवर्षी आसपासच्या गावांत कोणी ना कोणी कोणाचं तरी दुश्मनीतून जाळतंच, त्यामुळे डोकं दुसरीकडे वळतच नाही. आणि ह्या वेळी नाव तयार होतं. मंगरू. डोमाच्या बांधीला लागून त्याची दीड एकराची बांधी, मधल्या धुऱ्यावरून दोघांचं वाजलेलं. दिवाळीत भर चौकात मंगरू म्हणाला होता, तुह्या धानाले आग लागो. पंचवीस माणसांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळासमोर समिती बसली. आमच्या गावात अशा वेळी शपथ घ्यायची रीत आहे. नव्या धानाची मूठ भरायची, मारुतीकडे तोंड करायचं आणि म्हणायचं: माह्या हाती आग नवती, माह्या मनी आग नवती. दोन्ही म्हणावं लागतं. ज्याला म्हणता येत नाही त्यानं केलं. पोलिसांत जायचं ते त्याच्यानंतर. त्या संध्याकाळी पांदणीवरून गेलेल्या पाच जणांना मामाजींनी बोलावलं. पाचही पुरुष. गाडीत मीही होते, पण बायांना शपथ कोण विचारतो. मी बायांच्या घोळक्यात उभी होते आणि मला कोणी विचारणार नाही ह्याचं मला बरं वाटत होतं.

भुपेंद्र तिसरा होता. त्यानं मूठ भरली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "माह्या हाती आग नवती, माह्या मनी आग नवती."

सगळ्यात वाईट म्हणजे ते खोटं नव्हतं. आग त्याच्या हातात नव्हती, सायलेन्सरमध्ये होती. आणि मनात तर डोमाचा विचारही नव्हता, मनात फक्त व्हिडिओ होता. देवासमोर खरं बोलून सुटला.  मामाजींनी मुलाच्या हातातलं धान परत सुपात घेतलं आणि म्हणाले, "जा."

मंगरू शेवटचा. पन्नाशीचा, वाळलेला, अंगावर मुलीनं धुतलेला सदरा. मूठ भरून तो उभा राहिला आणि उभाच राहिला.

"म्हन," मामाजी म्हणाले.

"माह्या हाती आग नवती."

"पुरं म्हन."

"हाती नवती, सोमाजीभाऊ," मंगरू म्हणाला. "मनी होती. दिवाळीपासून होती. देवाच्या पुढं खोटं कायले बोलू?"

एवढं बोलेपर्यंत डोमाचा पुतण्या इश्वर उठला आणि त्यानं मंगरूच्या डाव्या कानशिलात ठेवून दिली. दोन वेळा. धान जमिनीवर सांडलं. मंगरू पडला नाही, कानावर हात ठेवून उभा राहिला. मामाजींनी इश्वरला आवरलं नाही, ते सांडलेल्या धानाकडे बघत होते. तासाभरात ठाण्याची जीप आली. सगळ्या पाच जणांत एकटा खरा माणूस होता तो जीपमध्ये बसून गेला, आणि माझ्या नवऱ्यानं घरी येऊन पोहे दोनदा मागून खाल्ले.

दुपारी मी टपरीवर होते तेव्हा मंगरूची मुलगी खुशबू आली. पवनीच्या कॉलेजात शिकते, रोज ह्याच रस्त्यावरून बसनं जाते, माझ्याशी हसून बोलते. त्या दिवशी डोळे सुजलेले.

"ताई, तुमची गाडी काल त्या पांदनीनंच आली ना?" तिनं विचारलं. "तुमाले तिथं कोनी मानूस दिसला का? बाबा तं बिडीही पेत नाई. त्यायच्या खिशात काडेपेटी कुठून येनार?"

"नाई वं," मी म्हटलं. "मानूस कोनी नाई दिसला."

तेही खोटं नव्हतं. खुशबू म्हणाली, ठीक हाय ताई, आठवलं तं सांगजा. आणि ती बसस्टॉपकडे गेली. मी टपरीच्या मागं जाऊन ओकले. कोणाची किळस येत होती ते त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं. नवऱ्याची येत होती हे नक्की. पण खरं बोलून कसं सुटायचं ते नवऱ्याकडून मी शिकले होते, आणि फार लवकर शिकले होते.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. मामाजी पाटावर होते, भुपेंद्र खुर्चीवर.

"मामाजी, थे पुंजनं गाडीनं जळालं. मी तिथंच होती. ह्यायनं डोमाकाकाच्या बांधीत गाडी लावून जाळ काढला अन् तनसाले लागला."

मला वाटलं होतं ताट सरकवतील. मामाजींनी भाताचा घास केला, वरण कालवलं, खाल्ला, आणि म्हणाले, "माहीत हाय."

"माहीत हाय?"

"सकाळी पाहून आलो ना मी. चाकाच्या खुणा आपल्याच गाडीच्या हायेत. पाय फिरवला त्यायच्यावर." ते पाणी प्यायले. "पाह्य, सूनबाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. मंगरूनं सोताच्या तोंडानं सांगतलं का मनात होती. मंग त्याले थोडं भोगू दे. आठ-पंधरा दिवसांत जमानत होते त्याची. आपलं नाव गेलं तं जमानत भेटते का? अन् गाडीनं पुंजनं जळालं म्हनशील तं लोक हासतील. गाडीत का काडेपेटी रायते?"

"अन् उद्या सकाळीच नागपूरले जाऊन राहिलो मी," भुपेंद्र म्हणाला. "लॅपटॉप लावला का पंधरा मिनिटांत प्रोग्राम कंपनीसारखा. सायलेन्सरही जुना लावून घेतो. मंग कोनी पायलं तरी काई नाई सापडत." मग म्हणाला, "उन्हाळ्यात परत करून घेऊ."

उन्हाळ्यात परत करून घेऊ. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. डोमाच्या ढिगातून अजून धूर निघत होता, मंगरू कोठडीत होता आणि हा उन्हाळ्याचं ठरवत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या मिशीला भाताचं शीत लागलं होतं. अठरा वर्षं मी ह्या मिशीसमोर ताट वाढत आले. त्या दिवशी माझं ताट मी तसंच उचललं आणि शेजारणीच्या म्हशीला घातलं.

अंथरुणावर पडून मी हिशेब केला तो एवढाच. सकाळी गाडी नागपूरला गेली की माझ्या शब्दाशिवाय काही उरत नाही, आणि माझ्या शब्दावर लोक हसतील, मामाजी बरोबर बोलले होते. म्हणजे बोलायचं तर गाडी जायच्या आधी. आणि बोलले तर पीयूसीचंही सांगावं लागेल, म्हणजे टपरी गेली. नऊ वर्षांत माझी स्वतःची म्हणावी अशी तीच एक वस्तू होती. नवरा, घर, हे सगळं मामाजींचं होतं.

सकाळी आठला भुपेंद्र आंघोळीला गेला. मी खुंटीवरची चावी घेतली आणि गाडी बाहेर काढली. गाडी कशी रेस करायची आणि पाय कधी काढायचा हे मला कोणी शिकवायला नको, दिवसभर मी दुसरं करतेच काय. देवळासमोर ऊन खात दहा-पंधरा माणसं बसली होती. डोमा होता, इश्वर होता. मी गाडी मोकळ्या जागेत उभी केली, खाली उतरले आणि सांगितलं. करडी, व्हिडिओ, चार जाळ, तणसातलं लाल थोटूक, सगळं. पीयूसीची चोरीही सांगितली.

इश्वर हसला. मग दोघं-तिघं हसले.

"गाडीनं पुंजनं जळते का बाई?" डोमा म्हणाला. त्याचा आवाज मी दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकला. "नवऱ्यासंगं भांडन झालं का काय तुमचं?"

मी समोरच्या गोठ्यातून काखेत मावेल तेवढं तणीस आणलं, सायलेन्सरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ठेवलं आणि गाडीत बसले. रेस केली, पाय काढला. धडाम. काही झालं नाही. दुसऱ्यांदा धडाम. जाळ आला पण तणीस तसंच. माणसं मोठ्यानं हसू लागली. एवढं सगळं करून हे पेटलंच नाही तर मंगरू तिथेच राहणार आणि मी गावात वेडी ठरणार. तिसऱ्यांदा मी जरा जास्त वेळ दाबून धरलं आणि एकदम सोडलं. आरशात मला तणसाच्या एका काडीचं टोक लाल झालेलं दिसलं. मग दुसरी काडी. मग सगळं एकदम धरलं.

हसणं थांबलं. कमरेला टॉवेल गुंडाळलेला भुपेंद्र गल्लीतून पळत येत होता आणि त्याच्यामागं मामाजी, काठी न घेता. दोघंही जाळ बघून थांबले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. डोमा उठून आला आणि तणीस पायानं दाबून विझवलं. बराच वेळ दाबत राहिला, विझल्यावरही.

"मंग मंगरूनं कबूल काहून केलं?" तो म्हणाला.

"त्यानं मनातलं कबूल केलं, काका," मी म्हटलं. "बाकीच्यायनं नाई केलं."

डोमा गाडीत माझ्या शेजारी बसला आणि आम्ही ठाण्यात गेलो. पूर्ण रस्ता तो समोर बघत होता, आणि मी पाय काढला की धडाम व्हायचं, मग त्याचा खांदा थरथरायचा. त्यानं तक्रार बदलून दिली, मी जबाब दिला, पोलिसांनी गाडी तिथेच ठेवून घेतली. मंगरूला संध्याकाळी सोडलं.

त्यानंतर जे झालं ते सगळं माझ्या अंदाजाप्रमाणे झालं, म्हणून त्याचं वाईट वाटत नाही. माझं पीयूसीचं काम बंद झालं. भुपेंद्र दुकानातच झोपतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की बायकोनं घर फोडलं. त्याच्यावर गुन्हा लागला, पण डोमाला त्यानं अजून तोंड दाखवलेलं नाही. मामाजी समितीचे अध्यक्ष आहेतच. त्यांनी पद सोडावं असं कोणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही तसं वाटलं नाही. इश्वर मला चौकात भेटला तर वहिनी म्हणून नमस्कार करतो. ज्या हातानं मारलं त्याच हातानं करतो, हे त्याच्या लक्षातही नसेल.

पाचव्या दिवशी मी यंत्र काढायला टपरीवर गेले. समोरच्या बसस्टॉपवर मंगरू आणि खुशबू उभे होते. मी हातातला पाना ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले. खुशबूनं माझ्याकडे बघितलं आणि ती थोडी बाजूला झाली. माझ्याशी नेहमी हसून बोलणारी मुलगी, हसली नाही. मी मंगरूच्या शेजारी उभी राहून बोलायला लागले. सांगितलं की त्या सकाळी देवळासमोर मी बायांमध्ये उभी होते, मला सगळं माहीत होतं, मी तिथेच बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. खुशबूनं विचारलं तेव्हाही बोलले नाही. माझं चुकलं.

मंगरू रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं उत्तर द्यायचं नाही म्हणून देत नाही. मग त्याला माझा पदर दिसला आणि तो वळला.

"काई म्हनून राहिल्या का, बाई?" त्यानं विचारलं. "कानाच्या अंदरच्या पडद्यालेच छेद पडला म्हनतात इथले डॉक्टर. ह्या डाव्या कानानं आयकू येत नाई त्या दिवशीपासून. भंडाऱ्याले मोठ्या डॉक्टरले दाखवाले जाऊन राहिलो."

मी त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, स्टॉपवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं असेल. तो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता.

"आयकलं," तो म्हणाला. मग बस आली आणि ते दोघं चढले.